सातबाऱ्यावर पडीक, आपल्या रोजच्या वापरातली



गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांमधून आमच्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी आला. कुणी विचारलं, "गायरानात सोलार येतंय म्हणतात, खरं का?" कुणी म्हणालं, "मालक जमीन भाड्यानं देतायत, कागदावर माझीपण सही पाहिजे म्हणतात, करू का?" एका आजींनी सरळच विचारलं, "तिथं काचा बसल्या की माझ्या शेळ्या कुठं जायच्या?" म्हणून आजचं बोलणं सौर प्रकल्प, पवनचक्क्या आणि त्यांना लागणारी जमीन यावर. सोलार चांगलं की वाईट, हा वाद आज घालायचा नाही. ज्या जमिनीवर ते येणार ती आज वापरतं कोण आणि कागदावर ती आहे कुणाची, या दोन गोष्टींत बरंच अंतर असतं. भांडणं त्या अंतरातूनच उभी राहतात. आणि त्या अंतरात, बघा, बहुतेक वेळा बाईच उभी असते.

घरातला सातबारा काढून बघा. लागवडीच्या क्षेत्राखाली "पोटखराब" असा एक रकाना असतो. पीक येत नाही असा भाग, म्हणजे खडक, उतार, ओढ्याचा काठ. गावाच्या कागदात आणखी एक जमीन असते ती गायरान, गावच्या जनावरांना चरायला राखून ठेवलेली. तिची मालकी सरकारची, देखरेख ग्रामपंचायतीची. बाहेरचा माणूस या दोन्हींना पडीक म्हणतो, मोकळी म्हणतो.

आता आपण मोजू या. चुलीला काटक्या कुठून येतात? शेळ्या कुठे चरतात? गोवऱ्यांचं शेण कुठून गोळा होतं? पावसाळ्याच्या तोंडाला टाकळा, कुर्डू, घोळ, तांदूळजा कुठून खुडून आणतो? केरसुणीचं गवत, बोरं, करवंदं, घर सारवायची पांढरी माती? बाहेरून मेंढपाळ आले की त्यांचा वाडा कुठे पडतो? या कशाचीच पावती होत नाही, म्हणून कुठल्या वहीत नोंद नाही. मोजणीला माणूस येतो तो भर उन्हात, गाडीतून. तेव्हा तिथे चिटपाखरू नसतं. तो लिहून जातो, जागा रिकामी. सकाळी सात वाजता आला असता तर वेगळं लिहिलं असतं.

मग हे प्रकल्प आपल्याच गावाच्या इतक्या जवळ का येतात? वाळवंटात का जात नाहीत? तर महाराष्ट्रात २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, आणि ती गावाजवळच्या उपकेंद्रालाच जोडलेल्या छोट्या सौर प्रकल्पातून द्यायची, ही त्यामागची कल्पना. वीज लांबून आणली की वाटेत गळते, म्हणून उपकेंद्राच्या जवळची जमीन हवी. खासगी जमीन असेल तर उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत, सरकारी असेल तर दहाच्या आत. एक मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. म्हणजे पाच मेगावॅटचा प्रकल्प म्हटला की वीस-पंचवीस एकर गेले, तेही सलग, सपाट आणि रस्त्याला लागून. गावाजवळ अशी सलग सरकारी जमीन कोणती उरलीय? गायरानच. त्यात काही कुणाचं कारस्थान आहे असं नाही. हिशेबच तसा बसतो.

आणि दिवसा वीज मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. रात्री दोन वाजता मोटार सुरू करायला माणूस अंधारात निघतो. साप आहे, विंचू आहे, जुन्नरकडे बिबट्या आहे. तो परत येईपर्यंत घरात जागं कोण राहतं ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय बऱ्याच घरांत आता दारं धरायला बाईच जाते. तेव्हा सोलारला विरोध करा असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. गावाची सोय व्हायची आणि तिची किंमत मात्र सगळ्यांत कमी जमीन असलेल्या घरातल्या बाईने द्यायची, असं होऊ नये एवढ्यासाठी हे बोलणं.

आधी गायरानाचं बघू.

ज्याच्या घरी वीस एकर आहेत त्याचं गायरानावाचून अडत नाही. तो कडवळ पेरतो, घास पेरतो. अडतं ते भूमिहीन घराचं, एकट्या बाईचं, चार शेळ्यांवर लेकराची वह्या-पुस्तकं घेणारीचं. मोठी शेळी दिवसाला तीन-चार किलो हिरवा चारा खाते. चार शेळ्या धरल्या तर बारा ते सोळा किलो. आज तो फुकट मिळतो, कारण ती चरून येते. उद्या तारेचं कुंपण पडलं की तेवढा चारा विकत घ्यायचा किंवा शेळ्या विकायच्या. तुमच्या गावचा चाऱ्याचा दर टाका आणि तीनशे पासष्टने गुणा. गटाच्या बैठकीत हा गुणाकार फळ्यावर मांडा, कारण ग्रामसभेत "आमचं नुकसान होतं" असं नुसतं म्हटलं की कुणी लिहून घेत नाही. आकडा सांगितला की लिहावं लागतं.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम २२ अ आहे. गायरान दुसऱ्या कामासाठी वळवता येणार नाही, कुणाला देता येणार नाही, भाडेपट्ट्यानेही देता येणार नाही, असं ते सांगतं. याला अपवाद आहेत. मुख्य अपवाद सार्वजनिक कामाचा, आणि तोही त्या कामासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नसेल तेव्हाचा. सौर योजनेला सरकार सार्वजनिक काम म्हणतं, म्हणून गायरानं दिली जातात. पण "दुसरी जमीन नसेल तर" हे शब्द आपल्या उपयोगाचे आहेत. ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारायचा. दुसरी कुठली सरकारी जागा पाहिली? कुठला गट नंबर? ती का चालली नाही? उत्तर तोंडी नको, इतिवृत्तात लिहून हवं.

ग्रामसभेबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती कागदोपत्री उरकली जाते हे आम्हालाही माहीत आहे. रजिस्टरवर सह्या अंगणवाडीत फिरवून घेतात. ती खरोखर भरवा. तिथे ठरलेलं ग्रामसभेपुढे मांडता येतं. दुसरी गोष्ट गणपूर्तीची. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा कमी असेल तितकी हजेरी लागते. तेवढी भरली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा घेताना गणपूर्ती लागत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी आपण खुरपायला गेलो म्हणून सभा झाली नाही, आणि पुढच्या वेळी पंधरा जणांत ठराव झाला, असं नियमात बसून घडू शकतं. तहकुबीची तारीख विचारून घ्या, आणि त्या दिवशी मात्र जा.

जमीन देण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून निघतो. तेव्हा "ठराव विरोधात गेला की सगळं थांबतं" अशा भरवशावर राहू नका. पण ठरावात काय लिहिलंय ते फाइलबरोबर जातं, आणि पुढे कुणी तहसीलदाराकडे किंवा कोर्टात गेलंच तर तोच कागद बाहेर निघतो. म्हणून नुसतं हो किंवा नाही लिहू नका. कुठल्या पाड्याची किती जनावरं इथे चरतात, पाण्यावर जायची वाट कुठून आहे, स्मशानाची वाट, देवीची वाट, कुठला तुकडा सोडावा, कुंपणाला फाटक कुठे ठेवावं, हे सगळं लिहा. गायरान चाळीस एकर आणि प्रकल्पाला वीस लागत असतील, तर कोणते वीस हा सगळ्यांत मोठा प्रश्न असतो. पाणवठ्याकडचे वीस गेले तर उरलेले वीस असून नसल्यासारखे. हे त्या मोजणीवाल्याला कळणार नाही, शेळ्या राखणारीलाच कळतं. जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढा, त्यावर वाटा दाखवा, कुणा शाळेतल्या पोराकडून तो कागदावर उतरवून घ्या आणि ठरावाला जोडा.

पैशाचंही विचारा. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत या योजनेचा प्रकल्प होतो तिला दर वर्षी ५ लाख रुपये, असे तीन वर्षं, सामाजिक लाभाचं अनुदान ठेवलेलं आहे. म्हणजे एकूण १५ लाख. गायरान गेलं शेळीवाल्यांचं आणि १५ लाखांतून गावाच्या वेशीला कमान झाली, असं व्हायला वेळ लागत नाही. आमचं मत स्पष्ट आहे. ज्यांचा चारा गेला त्यांच्या चाऱ्यावर त्यातला मोठा वाटा पडला पाहिजे. उरलेल्या गायरानात गवत लावणं, पाण्याचा हौद, शेळ्यांसाठी निवारा. हेही ठरावात आधीच लिहून ठेवलेलं बरं. पैसे आल्यावर मागायला गेलं की उशीर झालेला असतो.

आता खासगी जमिनीकडे येऊ. इथे प्रश्न वेगळे आहेत, आणि इथे बाईची सही लागते.

पहिली गोष्ट म्हणजे जमीन विकत मागतायत की भाड्याने, ते नीट समजून घ्या. साताऱ्यात पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वर काही पिकत नाही, नुसता वारा आहे, अशा समजुतीने लोकांनी तिथल्या जमिनी स्वस्तात विकल्या. वाऱ्याचं पुढे सोनं झालं, पण ते दुसऱ्याच्या घरात. विकलेल्या जमिनीवर पुढे काहीही उगवलं तरी आपला त्यात वाटा नसतो. म्हणून आम्ही म्हणू, देणारच असाल तर भाड्याने द्या.

सौर कृषी वाहिनी योजनेत भाड्याचा दर ठरवून दिलेला आहे. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये, म्हणजे एकरी साधारण ५० हजार. किंवा त्या जमिनीच्या सरकारी मूल्याच्या ६ टक्के. दोन्हींत जे जास्त ते. त्यावर दर वर्षी मूळ रकमेच्या ३ टक्के वाढ. कोरडवाहू जमिनीला एकरी ५० हजार हातात येणं म्हणजे बऱ्याच घरांना मोठा आधार आहे, ते आम्ही नाकारत नाही. दुष्काळात जमीन द्यायचीच नाही म्हणणारा शहाणा नव्हे. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. हा दर या योजनेतल्या प्रकल्पांचा. योजनेच्या बाहेरची एखादी कंपनी थेट आली तर तिला तो बांधील नाही, तिथे जो ठरेल तो भाव. आणि वाढ आहे ती मूळ रकमेवर. सव्वा लाखावर दर वर्षी ३,७५० रुपये वाढतात. करार पंचवीस वर्षांचा धरला तर पंचविसाव्या वर्षी हेक्टरी २ लाख १५ हजार होतात. पंचवीस वर्षांपूर्वी तेलाचा डबा कितीला होता ते सासूबाईंना विचारा, म्हणजे ही वाढ जास्त की कमी ते तुमचं तुम्हाला कळेल.

शेजारच्या कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात पावगडा नावाचा तालुका आहे. आपल्या माणदेशासारखाच कायमचा दुष्काळी. तिथे पाच गावांची मिळून सुमारे १३ हजार एकर जमीन सौर प्रकल्पासाठी भाड्याने घेतली. २,०५० मेगावॅटचा प्रकल्प. भाडं ठरलं एकरी वर्षाला २१ हजार, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. जमीन न गमावता दर वर्षी खात्रीचे पैसे, म्हणून त्या प्रकल्पाचं देशभर कौतुक झालं, आणि मोठ्या खातेदारांना तो मानवलाही. पण ज्यांना जमीनच नव्हती त्यांचं काय? शेंग उपटायची, खुरपायची, काढणीची मजुरी गेली. मेंढ्या-शेळ्यांची चराऊ रानं कुंपणात गेली. भाडं सातबारा ज्याच्या नावे त्याला मिळतं; त्या शेतात राबणारीला मिळत नाही. आपल्याकडे बटईने, वाट्याने जमीन कसणाऱ्यांचीही हीच गत आहे. त्यांच्याजवळ कागद नसतो. मालकाने सोलारला जमीन दिली की वाटा संपला, आणि ते सांगायलाही कुणी येत नाही.

म्हणून भाडं कुणाच्या नावावर येणार हे सगळ्यांत आधी बघा. घरची जमीन नवऱ्याच्या एकट्याच्या नावे असेल तर भाडंही त्याच्या एकट्याच्या खात्यात जाईल. आतापर्यंत तुम्ही त्या शेतात राबत होता, धान्य घरात येत होतं, कणगीला हात लावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पैसा खात्यात जायला लागला की कणगी राहत नाही. एटीएमचा नंबर ज्याला ठाऊक, त्याचं राज्य. यावर एक जुना उपाय आहे, लक्ष्मीमुक्तीचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ही मोहीम चालवली होती. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावा, असं सांगत ती गावोगाव फिरली. १९९२ पासून सरकारचीही लक्ष्मीमुक्ती योजना आहे. नवऱ्याने स्वतःहून तलाठ्याकडे अर्ज करायचा आणि बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायचं. तो अर्ज भाड्याच्या कराराआधी झाला पाहिजे. करार झाल्यावर कोण कशाला करील?

आणि माहेरचं. हे बोलायला अवघड आहे, पण बोलतो. ज्या माळाला काल कुणी विचारत नव्हतं त्याला आज एकरी ५० हजार भाडं येणार म्हटल्यावर भावाला बहिणीची आठवण येते. भाऊबीजेला साडी येते, आणि साडीबरोबर हक्कसोडपत्र येतं. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्रात ही दुरुस्ती १९९४ साली झाली आणि देशात २००५ साली. हक्क सोडायचा की ठेवायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. कुणी भावाला मनापासून देते, त्यात कमीपणा नाही. पण जमिनीवर काय येणार आहे, किती वर्षांसाठी येणार आहे, हे समजल्याशिवाय सही करू नका. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र परत फिरवणं फार कठीण. विधवा बहिणींनी तर वारस नोंद झालीय का ते आजच बघावं. नाव नसलेल्या माणसाला कंपनी विचारायला येत नाही.

करार हातात आला की काय बघायचं? भाषा बघा. इंग्रजीत असेल तर मराठी प्रत मागा, आणि गावातला शिकलेला पोरगा नव्हे तर तालुक्यातला वकील गाठून वाचून घ्या. त्याची फी गटातल्या चार-पाच जणींनी मिळून दिली तर जड जात नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. स्टॅम्पपेपरवर सह्या करून घरी ठेवलेला कागद पुरेसा नाही. मध्यस्थ कुलमुखत्यारपत्र मागत असेल तर थांबा. भाड्याच्या व्यवहाराला तुमच्या वतीने विकायचा अधिकार कुणाला कशाला हवा? कंपनी हा करार दुसऱ्या कंपनीला देऊ शकते का, भाडं थकलं तर काय, तुमच्या जमिनीवर कर्ज काढू शकते का, हे शोधा. पंचवीस वर्षांनी काँक्रीटचे पाय कोण उखडणार आणि कुणाच्या खर्चाने, हे तर बहुतेक कुणी विचारतच नाही. नातवाच्या हातात जमीन परत येईल तेव्हा तिच्यात सिमेंटचे खुंट नसावेत, हे आज लिहिलं तरच होईल. पॅनल धुवायला पाणी लागतं. ते कुठून घेणार? गावच्या विहिरीतून? ते लिहा. गवत कापणं, पॅनल पुसणं ही कामं गावातल्या बायांना द्यायची ठरली असेल तर तेही लिहा. तोंडी आश्वासनाला साहेबाची बदली होईपर्यंतचंच आयुष्य असतं.

व्यवहार नोंदल्यावर सातबाऱ्यावर फेरफार धरला जातो. त्याची नोटीस निघते, चावडीवर लागते, आणि हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. घरातल्या कुणी परस्पर व्यवहार केला असेल आणि तुमचं नाव त्या जमिनीत असेल, तर लेखी हरकत द्यायची वेळ हीच. पोच घ्यायला विसरू नका.

काही ठिकाणी जमीन भाड्याने मागत नाहीत, संपादनच करतात. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यात विखरण गाव आहे. तिथले शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी गेली. शेजारच्या जमिनीला कितीतरी पट जास्त मोबदला मिळाला आणि आपल्याला फार थोडा, झाडं-विहीर धरली नाहीत, ही त्यांची तक्रार होती. वर्षानुवर्षं खेटे घालून २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मुंबईत मंत्रालयात विष घेतलं, आणि सहा दिवसांनी ते गेले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. ही गोष्ट आम्ही भीती घालायला सांगत नाही. पंचनामा होतो त्या दिवशी बांधावर उभं राहायचं, हे सांगायला सांगतोय. आंब्याची झाडं किती, लिंबं किती, बोअर, विहीर, पाइपलाइन, गोठा, सगळं लिहून घेतल्याशिवाय आणि वाचून पाहिल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. त्या झाडांना पाणी कोण घालत होतं? तिलाच झाडं तोंडपाठ असतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पवनचक्कीचं गणित थोडं निराळं. एका खांबाला जागा थोडी लागते, आजूबाजूला गुरं चरू शकतात, पीकही घेता येतं. मग तंटा कशाचा? रस्त्याचा. ती लांबलचक पाती डोंगरावर न्यायला रुंद रस्ता फोडावा लागतो. माधव गाडगीळ यांच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकर अभयारण्याच्या शेजारच्या डोंगरांवरच्या पवनचक्की प्रकल्पाबद्दल हेच लिहिलं आहे. सुमारे २८ हजार झाडं तोडली गेली, रस्त्यांचा राडारोडा घसरून खालच्या शेतांत आणि धरणात आला, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांवर राहणाऱ्या लोकांनाच चौक्या लावून अडवलं गेलं. डोंगर कंपनीच्या मालकीचा झाला नव्हता. पण वाटेवर फाटक बसलं की मालकी कुणाची हे फाटकावरचा माणूस ठरवतो. तुमच्याकडे वनहक्काचे दावे करण्यासारखी जमीन असेल तर प्रकल्पाची चाहूल लागण्याआधी सामूहिक दावा टाका.

आता कुणी म्हणेल, मग वीज यायची कशी? जागा आणखीही आहेत. गुजरातेत २०१२ साली नर्मदेच्या कालव्यावर पॅनल बसवून वीज केली, वर पॅनल, खाली पाणी. ज्या पाटण तालुक्यात वनकुसवडे आहे, त्याच तालुक्यातल्या मान्याचीवाडीत घरांच्या छपरांवर सौर पॅनल बसले, आणि २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं. छपरावर शेळी चरत नाही, त्यामुळे भांडण नाही. मोठ्या प्रकल्पाची भूक छपरांनी पूर्ण भागत नाही, हेही खरंच. पण शाळा, ग्रामपंचायत, गोदाम, बाजार समितीच्या शेडा, हे सगळं मोकळं ठेवून आधी गायरानाला हात घालणं आम्हाला पटत नाही. केंद्राच्या कुसुम योजनेत, २०१९ पासून, शेतकऱ्यांनी किंवा त्यांच्या सहकारी संस्थेने स्वतःच आपल्या नापीक जमिनीवर अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प उभारायचीही सोय आहे. भांडवल मोठं लागतं, बचतगटाच्या आवाक्यातलं ते नाही. गावच्या सोसायटीने मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे.

आणि प्रकल्प होणारच असेल तर पॅनलच्या खाली गवत वाढतंच. ते कापायला कंपनी माणूस लावते. त्याऐवजी मेंढ्या आत सोडता येतात, बऱ्याच देशांत तसं करतात. शेळ्यांचं जमत नाही. शेळी पॅनलवर चढते आणि वायर कुरतडते, तिचा स्वभावच तो. पण गवत कापून न्यायची परवानगी मागता येते. आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या वेळी, गावातल्या ठरलेल्या बायांनी फाटकातून आत जायचं आणि भारा घेऊन यायचं. कंपनीचा कापणीचा खर्च वाचतो आणि आपला चारा होतो. त्या आजींच्या शेळ्यांना चरायचं रान यातून परत मिळणार नाही, पण दावणीला भारा पडेल. हे मागायची वेळ जमीन मोजायला येतात तेव्हाची, कुंपणाचे खांब उतरण्याआधीची. मागणीचा अर्ज दोन प्रतींत करा; एक ग्रामपंचायतीला, दुसरी तहसील कार्यालयाला. दोन्हींवर आवक शिक्का मारून घ्या आणि शिक्क्याची प्रत गटाच्या पेटीत, पासबुकाशेजारी ठेवा.